ठकीला घर हवंय, घाई मात्र नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठकी ही आमची कुत्री गेले दहा महिने आमच्याकडे, पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या घरात, दत्तक जाईपर्यंत तात्पुरती राहते आहे. 'तात्पुरती' हा शब्द तिला कळत नाही आणि आता आम्हालाही म्हणताना जड जातो. पण घरात आधीचे दोन कुत्रे आहेत, माणसांचा राबता आहे, आणि तिला हवी तेवढी शांतता इथे मिळत नाही. चौकशा पुष्कळ येतात. बरेच जण फोटोवर भाळून भेटायला येतात, ती पलंगाखालून बाहेर येत नाही म्हणून पंधरा मिनिटांत हिरमुसून निघून जातात. त्यांचं पेट्रोल आणि तिचा दोन दिवसांचा धसका, दोन्ही वाचावं म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवलं आहे.

दिसते कशी? वय काय? नाव असं का?

बदामी रंगाची देशी मादी, पुढच्या पायांत पांढरे मोजे, एक कान ताठ आणि दुसरा मधेच दुमडलेला. वजन 14 किलो. दात पाहून डॉक्टरांनी सांगितलेलं वय अडीच वर्षांच्या आसपास. नसबंदी झालेली आहे, तिची खूण म्हणून कानाला खाच आहे. लसी पूर्ण आहेत. मागच्या एका पायात धातूची पट्टी आहे, पावसाळी हवेत तो पाय सकाळी जरा आखडतो.

पहिल्या दिवशी ती भिंतीला पाठ लावून बसली ती सहा तास हलली नाही. नजरसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर लाकडाची ठकी!" ठकी म्हणजे जुन्या काळची लाकडी बाहुली. तेच नाव पडलं.

एवढी घाबरते म्हणजे तिला कुणी खूप मारलं असणार, हो ना?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि डोळ्यांत पाणी आणून विचारतात. उत्तर बहुधा 'नाही' असं आहे.

ठकी धायरीजवळच्या एका रखडलेल्या बांधकामावर, सेंट्रिंगच्या फळ्यांच्या ढिगाखाली जन्मली. काम बंद होतं, कामगार निघून गेले होते. आसपासच्या लोकांनी सांगितलं त्यावरून, चार-पाच महिन्यांची होईपर्यंत तिने माणूस जवळून पाहिलाच नव्हता. कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात 'हे माझ्या जगातलं आहे' हे कळतं. त्या काळात जे भेटेल ते ओळखीचं, जे भेटलं नाही ते पुढे परकं. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेने 1961 साली याबद्दलचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं कुंपणाच्या मैदानात माणसापासून लांब वाढवली आणि वेगवेगळ्या वयात थोडे दिवस माणसांत आणली. ज्यांना 14 आठवडे माणूस भेटलाच नाही, ती नंतर कितीही केलं तरी बुजरीच राहिली. तीही चांगल्या जातीची, खाऊनपिऊन सुखी पिल्लं होती. कुणी मारलं नव्हतं.

हे सांगण्याचं कारण असं, की 'मार खाल्लेली बिचारी' म्हणून जे नेतात त्यांना वाटतं की भरपूर माया केली की जखम भरून येईल. इथे भरून यायला जखमच नाही. तिला एक भाषा लहानपणी शिकायला मिळाली नाही आणि ती आता मोठेपणी शिकते आहे. पन्नाशीत कानडी शिकणाऱ्या माणसासारखी. बोलेल, पण अडखळत, आणि गर्दीत गेली की विसरेल.

जिथून आणली तिथेच परत का सोडत नाही?

रास्त प्रश्न आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी झालेला भटका कुत्रा त्याच्याच जागी परत सोडायचा असतो, आणि बहुतेक कुत्र्यांसाठी तेच बरं असतं, कारण त्यांचा गल्ली-कोपरा त्यांना पाठ असतो. ठकीला गाडीने उडवलं म्हणून ती उपचाराला आली. पाय जुळेपर्यंत आणि पुढे मिळून सात महिने निवाऱ्याच्या पिंजऱ्यात गेले. तोवर ते बांधकाम पुन्हा सुरू होऊन पूर्णही झालं. फळ्यांच्या ढिगाच्या जागी आता पार्किंग आहे. परत सोडायची जागाच उरली नाही.

आणि एकदा दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात म्हटलं आहे. आमचा आग्रह त्याआधीपासून तोच आहे.

तिला नेमकं कसं घर हवं?

मोठं घर नको. बंगला, बाग, फार्महाऊस ऐकून आम्ही हुरळत नाही, उलट सावध होतो. उघड्या आवारात बुजरा कुत्रा कोपरा धरून बसतो, माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही आणि वर्षभरात पुरता रानटी होतो. फार्महाऊसवर माळ्याच्या भरवशावर ठेवायचा विचार असेल तर कृपया विचारूच नका.

हवं ते असं. दिवसाचा बराच वेळ घरात असणारं एखादं माणूस, जे स्वतःच्या कामात असेल. शिवणकाम, अकाउंट्स, परीक्षेचे पेपर तपासणं, काहीही. ठकीला सोबत आवडते, लक्ष आवडत नाही. आमच्याकडे ती सगळ्यात आधी कुणाजवळ गेली असेल, तर माझ्या सासऱ्यांजवळ. ते रोज दुपारी दोन तास शब्दकोडं सोडवत बसतात आणि त्यांना कुत्र्यांचं काडीचं कौतुक नाही. सदतिसाव्या दिवशी ती त्यांच्या खुर्चीखाली जाऊन झोपली. त्यांनी पाय हलवला नाही, पायाला मुंग्या आल्या तरी. आम्ही असं माणूस शोधतोय.

रोजचा दिनक्रम ठरलेला असला तर सोन्याहून पिवळं. निवृत्त जोडपं, घरून काम करणारी व्यक्ती, एकटी राहणारी शिक्षिका, सगळं चालेल. वयाची, लग्नाची, भाड्याच्या घराची अट नाही. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी संमती मात्र लागेल, कारण 'घरमालक नाही म्हणतो' या कारणाने परत आलेले कुत्रे आम्ही पाहिले आहेत.

घरात लहान मुलं आहेत. चालेल?

दहा वर्षांच्या आतली असतील तर नको. मुलांचा दोष नाही. धावणं, किंचाळणं, अचानक मिठी मारणं हा त्यांचा हक्कच आहे. ठकीला तो झेपणार नाही, एवढंच.

आणि दुसरा कुत्रा?

असेल तर उत्तमच. ठकी माणसांना घाबरते, कुत्र्यांना नाही. शांत, मध्यमवयीन, माणसांवर विश्वास असलेला कुत्रा घरात असला की ती त्याच्याकडे पाहून शिकते. आमचा म्हातारा लॅब्रॅडोर दार उघडल्यावर शेपूट हलवतो हे तिने महिनाभर पाहिलं, तेव्हा कुठे तिच्या शेपटीचं टोक हललं. मांजरीकडे ती दुर्लक्ष करते. मांजर तिच्याकडे करत नाही, तो वेगळा विषय.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो आणि सोसायटीत कुरकुर होते.

फ्लॅट चालेल, खालचे मजले असतील तर जास्त बरं. सोसायटीला ठराव करूनही कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केलं आहे. महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला जवळ ठेवा, घाण झाली तर स्वतः उचला, म्हणजे निम्मी भांडणं मिटतात. पण खरं सांगू? ठकीपुढे सोसायटीपेक्षा लिफ्टच मोठा प्रश्न आहे. बंद डबा, त्यात अनोळखी शेजारी, आणि मागे सरकायला जागा नाही. पहिले काही महिने जिना. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर तुमच्या गुडघ्यांना विचारून अर्ज करा.

भेटायला येताना काय करायचं?

संत नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, आणि कोरडी खाऊ नकोस रे, म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आमच्याकडे येणारी प्रेमळ माणसं अगदी हेच करतात. हातात बिस्किटाचा पुडा, तोंडाने "ये गं, ये गं बाळा", आणि पावलं थेट तिच्या दिशेने. नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला. कुत्र्याला काय दिसलं असेल, ते ठकीकडे पाहून मला आता कळतं: मागे लागलेला एक माणूस.

तेव्हा तुपाची वाटी खाली ठेवा. आत या, जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कड करून. आमच्याशी गप्पा मारा, चहा घ्या, मोबाईल पाहा. तिच्या डोळ्यांत पाहू नका. ती आली तर हात पुढे करू नका, हुंगू द्या. हात लावायचाच झाला तर डोक्यावरून नको. वरून येणारा हात तिला झडपेसारखा वाटतो. छातीशी, हनुवटीखाली, दोन सेकंद, की थांबा. थांबल्यावर ती जवळ सरकली तर पुन्हा. दूर झाली तर आजचा कार्यक्रम संपला.

तिने ओठ चाटले, झोप आलेली नसताना जांभई दिली, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला, किंवा एकदम पुतळा झाली, तर समजा तिला नकोसं झालं आहे. विशेषतः पुतळा. "बघा, किती शहाण्यासारखी बसलीय, हात लावू देतेय" असं लोक म्हणतात, तेव्हा ती आतून गोठलेली असते.

अशा किमान तीन भेटी लागतील. एका काकांनी पाच दिल्या, पाचव्या खेपेला तिने त्यांच्या चपलेवर डोकं ठेवलं. दुर्दैवाने त्यांची बदली झाली.

घरी आणल्यावर पहिले दिवस कसे जातील?

कुत्रे पाळणारे लोक एक आडाखा सांगतात: सावरायला तीन दिवस, घरची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. ठकीच्या बाबतीत हा आडाखा विसरा. पहिले तीन दिवस तिने आमच्याकडे एकोणीस दिवसांत पूर्ण केले.

एक खोली किंवा कोपरा तिचा म्हणून ठरवा. पलंगाखाली, टेबलाखाली, वर चादर सोडलेली. तिथून तिला कधीही ओढून काढायचं नाही, झाडू मारायलाही नाही. कामवाल्या मावशींना हे आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं मुसळ केरात. ताटली तिथेच ठेवा आणि निघून या. रात्री सगळे झोपल्यावर ती घरभर फिरेल, तुमच्या चपला हुंगेल. फिरू द्या. शी-शू घरात होईल, काही आठवडेसुद्धा. जुनी वर्तमानपत्रं साठवून ठेवा आणि रागावू नका.

पहिला महिना पाहुणे नकोत, अंघोळ नको, नवी बाहेरगावची सहल तर नकोच. "कुत्रा आणलाय, बघायला या" हा फोन सहा महिन्यांनी करा.

पळून गेली तर?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बुजरे कुत्रे दत्तक गेल्यावर सगळ्यात मोठा धोका हाच असतो, आणि तोही पहिल्याच दिवसांत. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही. मागे सरकतो, मान खाली घालतो आणि गळ्यातला पट्टा टोपीसारखा काढून मोकळा होतो. म्हणून ठकीला कायम दोन पट्टे: एक ओढल्यावर मर्यादेत आवळणारा मार्टिंगेल कॉलर आणि दुसरा तीन पट्ट्यांचा हार्नेस, ज्याची तिसरी पट्टी बरगड्यांच्या मागे येते. दोन्हींना वेगळी दोरी, एक हातात, एक कमरेला. लांबत जाणारी बटणाची दोरी नको. ती हातातून सुटली की तिचा डबा रस्त्यावर खडखडत मागे येतो आणि कुत्रा त्यालाच घाबरून अजून पळतो. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं आतलं फाटक लावून घ्या. गॅस सिलिंडरवाला, कुरिअरवाला, दूधवाला, दार उघडं राहायला एवढे पुरतात.

तरीही सुटलीच, तर मागे धावू नका, हाका मारू नका. ओळखीच्या माणसाची हाकही तेव्हा ऐकू जात नाही. जिथे शेवटची दिसली तिथे तुमचा वापरलेला, न धुतलेला कपडा आणि तिचं खाणं ठेवा. पत्रकांवर मोठ्या अक्षरांत लिहा: "पकडू नका, फक्त फोन करा". वॉचमनना भेटा, पहाटे फुलं विकणाऱ्यांना, कचरा वेचणाऱ्यांना भेटा. पहाटेच्या जगाची खबर त्यांना असते. रात्री रस्ता शांत झाला की असे कुत्रे बाहेर येतात. त्या वेळी जमिनीवर बसून राहणं हेच काम. आणि आम्हाला लगेच कळवा, लाज वाटून दोन दिवस लपवू नका. आम्ही आमच्या लॅब्रॅडोरला घेऊन येऊ. माणसाकडे न येणारी ठकी त्याच्याकडे येते.

गणपती आणि दिवाळीत काय?

पुण्यात हा प्रश्न विचारणारे खरे जाणकार. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45,000 च्या आसपासपर्यंत. तिच्या कानांना ढोल-ताशा आणि सुतळी बॉम्ब काय करत असतील ते आपण फक्त कल्पनेने जाणायचं. मधल्या खोलीत, खिडक्यांपासून लांब, गाद्या-गोधड्यांचं बिळ करून द्या, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. फिरणं पहाटे चारला आणि संध्याकाळ व्हायच्या आत. ती चिकटून बसली तर बसू द्या, जवळ घेतल्याने भीती 'लाडावते' हा गैरसमज आहे.

औषध लागेल. गेल्या दिवाळीत लागलं. ते पशुवैद्यांना तीन-चार आठवडे आधी विचारून, एकदा शांत दिवशी देऊन पाहायचं असतं. ओळखीच्या दुकानातून 'गुंगीचं' काही आणू नका. एसीपी नावाने मिळणाऱ्या गोळीने नुसतं अंग ढिलं पडतं, भीती तशीच जागी राहते. पळता येत नाही आणि ऐकू सगळं येतं, याहून वाईट काय?

चावेल का?

दहा महिन्यांत चावलेली नाही. पण कोंडीत सापडलेला कुठलाही प्राणी चावू शकतो, आणि 'कधीच चावणार नाही' असं लिहून देणाऱ्याकडून कुत्रा घेऊ नका. ती गुरगुरली तर ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे सूचना, ती बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतो. कुठलाही कुत्रा चावला वा दात लागला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून टाळाटाळ नको.

घर राखेल?

चोर आला तर पलंगाखाली जाईल. चोराला माहीत नसलेली एखादी जागा हवी असेल तर ती दाखवू शकेल.

ट्रेनर लावला तर लवकर सुधारेल ना?

चांगला लावला तर मदत होईल, वाईट लावला तर दहा महिने पाण्यात. "महिन्यात माणसाळवून देतो, आमच्याकडे ठेवा" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. गळफासाची साखळी, काट्यांचा पट्टा, विजेचा झटका यांतलं काहीही वापरल्यास आम्ही तिला परत आणू, तसं करारपत्रात लिहिलेलं आहे. "एकदा बाजारात नेऊन उभी करा, भीड चेपेल" हाही सल्ला बरेच देतात. माणसाची चेपत असेल. कुत्र्याची भीती अशाने पक्की होते.

आमचं घर शाकाहारी आहे.

अंडं चालत असेल तर काही अडत नाही. सध्या तिचं जेवण म्हणजे तयार डॉग फूड, भात, उकडलेलं अंडं, कधी चिकन. दूध-भाकरीवर कुत्रं जगतं, पण पायात पट्टी असलेल्या कुत्रीला प्रथिनं हवीत. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. गोडाच्या शिऱ्यातल्या मनुकासुद्धा वेचून काढा. एक सांगू? तिने आमच्या हातातून घेतलेला पहिला घास पनीरचा होता.

पैसे किती? कागदपत्रं?

पैसे घेत नाही. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घराची एक भेट आणि करारपत्र. लसी, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि खाणं हा पुढचा खर्च तुमचा. आपल्याकडे गोचीडताप कॉमन आहे, तेव्हा ताप, मरगळ, फिकट हिरड्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या.

आम्ही नागपूरला राहतो. अमेरिकेत राहतो.

पुण्यापासून गाडीने एका दिवसात पोचता येईल तिथवर आम्ही स्वतः आणून सोडू: मुंबई, नाशिक, सातारा, कोल्हापूर. रेल्वेने न्यायचं तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर ब्रेक व्हॅनमधली पेटी. त्या पेटीत ठकी जाणार नाही. त्यामुळे नागपूरकरांनी आधी इथे चार दिवस राहायला यायची तयारी ठेवावी, मग बोलू. अमेरिकेचं विचाराल तर 1 ऑगस्ट 2024 पासून भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून कुत्रे नेण्याचे नियम बरेच कडक झाले आहेत, पण आमचं 'नाही' त्या नियमांमुळे नाही. विमानाच्या पोटातले इतके तास तिला नकोत. तिकडच्या मंडळींनी इथल्या आईवडिलांसाठी विचार करायला हरकत नाही. मात्र आईवडिलांना विचारून.

नाहीच जमलं तर?

परत आणा. केव्हाही, कारण न सांगता. आम्ही बोल लावणार नाही. फक्त दुसऱ्या कुणाला परस्पर देऊ नका.

अर्जात काय लिहायचं?

कुत्र्यांवर तुमचं किती प्रेम आहे ते लिहू नका, ते असणारच. तुमच्या घरात दुपारी तीन वाजता काय चाललेलं असतं ते लिहा. कोण कुठे बसलेलं असतं, मिक्सर किती वेळा लागतो, घरात मोठ्याने कोण बोलतं. आधी कुत्रा होता का, आणि तो कसा गेला. सहा महिने तिने तुम्हाला हात लावू दिला नाही तर घरातलं कोण आधी कंटाळेल, त्याचं नावही मोकळेपणाने लिहा. आणि हो, दारावरची बेल बंद करून ठेवता येते का, तेवढं पाहून सांगा.